छातीवरचे हात

वायरमनच्या कोर्सला धाकटीने नाव घातलं तेव्हा तिला करंटबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती. त्याने तिचा दादा नेला होता.

सुरुवातीला तारा, फ्यूज, पक्कड असलं काही शिकवतील असं वर्गाला वाटत होतं. सरांनी मात्र कपाटातून एक रबरी माणूस ओढून काढला. कमरेपर्यंतच होता, पाय नव्हते, तोंड उघडं. त्याला वर्गाच्या मधोमध फरशीवर उताणा टाकला.

"हा आपला पाहुणा," सर म्हणाले. "रोज मरतो, रोज उठतो. ज्याला याला उठवता येईल त्याच्याच हातात मी पक्कड देणार."

पोरं हसली. सर आधी लाइनमन होते. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. कुठे गेली विचारलं तर म्हणायचे, "खांबावर उसनी दिली, परत आली नाहीत." त्यामुळे त्यांच्या तोंडून करंटची गोष्ट निघाली की मागच्या बाकावरचेही गप्प व्हायचे.

"आधी मेन बंद. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने माणूस बाजूला करायचा. मग हाक मारायची, श्वास बघायचा. नसेल तर गुडघे टेकायचे. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. आणि दाबायचं. भीत भीत नाही. कणीक मळतोय असं तर मुळीच नाही. अंगाचा सगळा भार घालून."

धाकटीने हात वर केला. "सर, करंट लागून पडलेला माणूस मेलेला नसतो?"

"पडल्या पडल्या बऱ्याचदा नसतो. हृदय नुसतं फडफडत असतं, रक्त ढकलत नाही. ते काम आपण बाहेरून करायचं, दवाखाना गाठेपर्यंत."

"आणि कुणी हातच लावला नाही तर?"

"तर काय? मेला."

तिची पाळी आली तेव्हा ती पाहुण्याशेजारी गुडघ्यांवर बसली. पहिल्याच दाबाला रबराच्या आतून खट्ट आवाज झाला. बरोबर दाबलं की तो आवाज यायचा. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा खट्ट. सर "पुरे" म्हणाले, ते तिला ऐकूच आलं नाही. शेजारच्या मुलीने खांद्याला धरून उठवली.

दादा गेला त्याआधी दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती. शेतात उगवलं ते ढोरांनीही तोंड लावू नये असलं. निम्मं गाव रस्त्यापलीकडच्या लाकडाच्या वखारीत कामाला लागलं होतं. दादा मोठ्या करवतीवर होता, आई भुसा भरायची. करवत सुरू करायचं जे लोखंडी खोकं होतं, ते झटका द्यायचं. सगळ्यांना माहीत होतं. मुकादमाला सांगून सांगून माणसं थकली. तो म्हणायचा, "चपला घाला आणि उलट्या हाताने दाबा. तुम्हाला काय गादी घालून देऊ?"

त्या दिवशी फरशी धुतलेली होती आणि दादाच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता.

धाकटी डबा घेऊन पोचली तोवर दादावर ताडपत्री होती. आई शेजारी बसली होती, तिच्या केसांत, भुवयांत, कानांत भुसा. मशीन बंद, माणसं लांब लांब उभी. पुढे कधीतरी धारवाल्याने तिला सांगितलं. करवतीच्या पात्यांना धार लावणारा म्हातारा तो, वखारीत सगळ्यांत जुना. म्हणाला, "मी गेलो होतो गं पुढे. छातीवर दाबतात हे मी बघितलेलं होतं कुठेतरी. पण मुकादम ओरडला, कुणी हात लावायचा नाही. पोलीस येतील. उद्या म्हणतील तुम्हीच मारला. आणि कॉलरला धरून ओढला मला." वखारीची गाडी फळ्या पोचवायला गेली होती. ती येईपर्यंत सगळे नुसते उभे होते.

नंतर मुकादम घरी येऊन बसून गेला. दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाला, "वेळ भरली होती त्याची. आपण कोण?" ते वाक्य गावाने उचललं. येणारा प्रत्येक जण तेच म्हणून चहा पिऊन जायचा. आईने तर ते उशाशीच घेतलं. अधूनमधून, भांडी घासता घासता, कुणी विचारलेलं नसताना म्हणायची, "भरली होती वेळ." आणि मग तिचा हात जरा हलका चालायचा.

धाकटीनेही ते खरं मानलं होतं. त्या खट्ट आवाजापर्यंत.

त्या दिवशी संध्याकाळी आई दारात केस झटकत होती. "काय शिकवलं आज?"

"काही नाही. तारा."

आई अजून वखारीतच जायची. दुसरं काम नव्हतं, आणि असतं तरी तिने ती जागा सोडली असती की नाही कोण जाणे. मुकादम तिला सावलीतलं काम द्यायचा, उशीर झाला तर बोलायचा नाही. बायका म्हणायच्या, माणूस मनाने वाईट नाही. धाकटीला ते ऐकून अंगाची आग व्हायची. दादाचा जीव घेतला आणि आईला सावली दिली, झाली फिटंफाट!

मधल्या सुट्टीत पोरं बाहेर जायची, तेव्हा ती पाहुण्याला फरशीवर घ्यायची. दाबताना तिला मुकादम दिसायचा. पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, ओरडताना फुगणारी मानेची शीर. घाम नाकावरून पाहुण्याच्या उघड्या तोंडात पडायचा. तळहाताची साल निघाली, तिथे चिंधी गुंडाळून ती पुन्हा बसायची.

सर एकदा दारात उभे राहून बघत होते. "बरगड्या मोडशील त्याच्या."

"मोडल्या तर चालतं म्हणालात."

"मोडल्या तर चालतं. मोडायच्याच असं नाही म्हणालो."

तिने हात थांबवले नाहीत. तशीच म्हणाली, "सर, माझा भाऊ वाचला असता का?"

सर आत आले, बाकावर टेकले. कोणी तरी त्यांना सांगितलेलं असावं, कारण कुठला भाऊ असं त्यांनी विचारलं नाही. "सांगता येत नाही. दवाखाना लांब. हाताने दाबून हृदय सुरू होईलच असं नसतं, त्याला तिथलं मशीन लागतं. खरं सांगू? बरेच जण नाहीच वाचत. मी स्वतः दोघांना दाबलंय. एक गेला, एक अजून दिवाळखोरासारखा उधारीवर जगतोय, मला शिव्या देत. पण कुणी हातच लावला नाही तर मग प्रश्नच नाही."

सरांनी सांगितलेलं सगळं धाकटीने ऐकलं. त्यातलं शेवटचं तेवढं ठेवून घेतलं.

उन्हाळ्यात सर पोरांना घेऊन जवळपासच्या कामांवर जायचे. पाहुण्याला टेम्पोत घालून न्यायचं आणि तिथल्या माणसांना शिकवायचं. पिठाची गिरणी झाली, बर्फाचा कारखाना झाला. पुढे कुठे जायचं, असं सरांनी विचारलं.

"लाकडाची वखार," धाकटी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तिथे कोण आहे तुझं?"

"आई आहे."

हे काही खोटं नव्हतं.

वखारीत शिरताच ओल्या लाकडाचा वास आला. करवत बंद केली तशी कानांत दडे बसल्यासारखी शांतता झाली. माणसं ओंडक्यांवर टेकली. मालक खुर्ची घेऊन बसला, फुकटात काम होतंय म्हणून खूश होता. आई भुशाच्या ढिगाजवळ, नाकावर फडकं बांधून. लेकीला पुढे उभी बघून तिने फडकं जरा खाली केलं.

धाकटीने पाहुण्याला उचललं आणि करवतीजवळ नेऊन ठेवलं. भिंतीवर आता नवं खोकं होतं, राखाडी रंगाचं.

"सावलीत घे की," सर म्हणाले.

"माणसं इथेच पडतात, सर."

ओंडक्यांवर चुळबुळ झाली. तिने आधी स्वतः करून दाखवलं. आवाज मुद्दाम मोकळा, शाळेतल्या बाईंसारखा. मग उठून कपाळ पुसलं. "आता तुमच्यातलं एक जण. मुकादम काका, तुम्ही या ना. तुम्ही हात लावलात की मग बाकीचे लावतील."

कुणी हसलं नाही. धारवाल्याने मान खाली घातली. मुकादमाने मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाला, "जा, जा. शिका. पुढे उपयोगी पडेल."

मुकादमाचे गुडघे दुखरे होते. एक हात जमिनीला टेकत, कण्हत तो खाली बसला. शिट्टी पाहुण्याच्या छातीवर लोंबायला लागली, ती त्याने पाठीवर टाकली.

"हात आणखी मधे, काका. हां. कोपरं ताठ. ताठ म्हणजे ताठ. आता दाबा."

त्याने दाबलं. आवाज आला नाही.

"असं नाही. जीव खाऊन. भिताय कशाला, पोलीस येणार नाहीत."

खट्ट झालं. मुकादमाचा चेहरा लाल झाला. खट्ट, खट्ट. हात चांगले होते त्याचे, आयुष्यभर ओंडके ढकललेले. थोड्या वेळाने मान वर करून तो म्हणाला, "किती वेळ?"

"गाडी येईपर्यंत."

"कुठली गाडी?"

"फळ्या पोचवायला गेलीय ना, ती."

मुकादमाने मान खाली घातली आणि पुन्हा दाबायला लागला. शर्ट पाठीला चिकटला. खिशातला चष्मा निसटून भुशात पडला. सर तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "बदली दे. दमलेल्या माणसाकडून नीट होत नाही, शिकवलंय तुला."

"बदली कोण देणार सर?" ती मोठ्याने म्हणाली. "हात लावायला बंदी आहे इथे."

धारवाला उठून पुढे आला, मुकादमाशेजारी बसला. "सरका. मी घेतो." मुकादम सरकला नाही. दाबत राहिला. खट्ट आवाज कधीचा बंद पडला होता, नुसते हात वरखाली होत होते. मग कोपरं वाकली आणि तो पाहुण्याच्या अंगावरच कलला. धारवाल्याने बगलेत हात घालून त्याला मागे बसवला. त्याच्या तोंडातून भात्यासारखा श्वास येत होता.

धाकटीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, अगदी त्याने घरी येऊन ठेवले होते तसे. "थांबलात? असू दे. वेळ भरली होती त्याची. आपण कोण?"

भुशाच्या ढिगाजवळची टोपली उचलून आई मागच्या बाजूला चालती झाली. तिच्या पाठीकडे बघताना धाकटीला वाटलं, रडायला गेली असेल. रडू दे, मन मोकळं होईल.

परतताना टेम्पोत सर पाहुण्याला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडावरचा घाम पुसत होते. "आज तू शिकवलं नाहीस," एवढंच म्हणाले. धाकटीने बाहेर बघितलं. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. घरी जाऊन ती आडवी झाली ती डोळा उघडला तेव्हा सकाळ. कित्येक महिन्यांत तिला अशी झोप लागली नव्हती.

नंतर एका संध्याकाळी मुकादम आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. आई मागे भांडी घासत होती, पाण्याचा आवाज येत होता. त्याने शिट्टी घातलेली नव्हती, आणि त्यामुळे मान फार बारीक दिसत होती.

"एक विचारायचं होतं."

धाकटी कपडे घडी करत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"तू शिकलीयेस म्हणून विचारतो. त्या दिवशी धारवाल्याने दाबलं असतं... वाचला असता का तो?"

बरेच जण नाहीच वाचत, हे तिच्या ओठांवर होतं. सांगता येत नाही, हे तर त्याहूनही पुढे येऊन उभं होतं. तिने दादाचा म्हणून ठेवलेला शर्ट घडीवर ठेवला, वरून हात फिरवला. मग मुकादमाच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"वाचला असता."

"नक्की?"

"नक्की. आज इथे बसला असता."

त्याने मान हलवली. खांदे जरा पुढे आले, कुणीतरी पाठीवर पोतं टाकावं तसे. "बरं," म्हणाला आणि गेला. ती दारात उभी राहून तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिली. आत कुठेतरी गार गार वाटत होतं. आता बघ तुला झोप लागते का!

मागे वळली तर आई उभी होती. हात राखेने भरलेले, पाणी कोपरावरून गळत होतं.

"काय म्हणालीस त्याला?"

"खरं ते म्हणाले."

"वाचला असता?"

धाकटी कपड्यांच्या घड्या उचलायला वळली.

आई खाली बसली. भिंतीला धरूनसुद्धा नाही, होती तिथेच. "धारवाल्याने तुला काय सांगितलं?"

"मुकादमाने त्याला ओढला ते."

"त्याआधीचं नाही सांगितलं?"

"त्याआधीचं काय?"

आई हातांकडे बघत होती. "दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी मिठी मारून बसले होते. धारवाला आला आणि त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून असं दाबायला लागला, मला वाटलं हा मारतोय माझ्या लेकराला. मी चावले त्याला. हाताला चावले. ओरडले, याला कुणी हात लावू नका. मुकादम नंतर आला. माझं ऐकून त्यानेही तेच म्हटलं. पोलीस वगैरे आपलं पुढचं."

बाहेर कुत्रं पाण्याच्या ओघळाला जीभ लावत होतं. धाकटीला धारवाल्याच्या मनगटावरचा व्रण आठवला. पात्याने कापलं असेल असं तिने धरलं होतं.

"आई, ऐक. मी मुकादमाला मुद्दाम तसं सांगितलं. सर म्हणाले, सांगता येत नाही. बरेच जण वाचत नाहीत. दवाखाना केवढा लांब. तुला विश्वास नसेल तर सरांनाच विचार."

"त्याला एक सांगितलंस. मला एक सांगतेस."

"तुला खरं सांगतेय!"

"त्यालाही नक्की म्हणालीस."

धाकटीने पायात चपला सरकवल्या. आणि ती मुकादमाच्या घराकडे निघाली.

मुकादम ओट्यावर बसला होता, त्याची बायको त्याच्या दंडाला तेल चोळत होती. धाकटीला बघून ती आत गेली. त्याने दंड झाकले.

"मी मघाशी खोटं बोलले," धाकटी उभ्याउभ्याच म्हणाली. "वाचला असता की नाही ते सांगता येत नाही. बरेचदा नाही वाचत."

तो तिच्याकडे बघून म्हणाला, "आईने सांगितलं वाटतं तुला."

"तुम्ही का नाही सांगितलं? त्या दिवशी वखारीत, सगळ्यांपुढे? एक शब्द बोलला असतात तर मी तिथेच गप्प झाले असते."

"तिच्यासमोर?" मुकादम म्हणाला. मग नाक शिंकरून उठला, ओट्याच्या कडेला थुंकला. "आणि मी काय धुतल्या तांदळासारखा आहे का? ती आई होती. मी कोण होतो? खोकं झटका देतं हे वर्षभर ऐकत होतो. तिला जाऊन सांग, मुकादमच म्हणाला, पहिला मीच ओरडलो. तिला तेव्हा भान कुठे होतं? मानेल ती."

या माणसाकडून धाकटीला काही नको होतं. सावली नको होती, आणि हे तर त्याहून नको होतं. तिने त्याला जमिनीवर बसवला होता, पण आता तोच वरून काहीतरी देत होता आणि तिला ते घ्यावं लागत होतं, कारण घरी आई बसली होती.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी मागितलीय का?"

परत येताना तिचे पाय मुद्दाम हळू पडत होते. आई दारातच बसून होती, हातांवरची राख वाळून पांढरी झाली होती.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, पहिला तोच ओरडला. तुला भान नव्हतं."

आईने तिचा चेहरा न्याहाळला. लहानपणी ताप बघायची तसा, डोळे बारीक करून.

"खोटं बोलतो मेला," आई म्हणाली, आणि लेकीला आत येता यावं म्हणून दारातून बाजूला सरकली.